इंग्लंडचा दगड फार कडक

परवा आयपीएल बघताना बाबा नेहमीप्रमाणे म्हणाले, "हे सगळे पैशासाठी खेळतात!" तेव्हा काही बोललो नाही. बाबा हा ब्लॉग वाचतात, म्हणून इथेच सांगतो.

फर्गस सूटर हे नाव मला २०२० साली नेटफ्लिक्सवर आलेल्या 'द इंग्लिश गेम'मुळे कळलं. (मालिकेत इतिहासाची बरीच मोडतोड आहे, पण असो.) खरा सूटर ग्लासगोचा पाथरवट. १८७८ मध्ये तो लँकेशायरमधल्या डार्वेन या गिरण्यांच्या गावी आला, तिथल्या क्लबकडून फुटबॉल खेळू लागला आणि थोड्याच दिवसांत छिन्नी-हातोडी ठेवून दिली. कारण? इंग्लंडचा दगड फार कडक, हात सुजतात म्हणे! पैसे घेऊन खेळणं तेव्हा शिष्टसंमत नव्हतं. पुढे त्यानेच सांगितलं की ठरलेला पगार असा नव्हता, पण गरज पडली की खजिनदाराला गाठायचं, आणि तो कधी नाही म्हणायचा नाही.

१८७९ मध्ये एफए कपात डार्वेनची गाठ ओल्ड इटोनियन्सशी पडली. म्हणजे इटनसारख्या शाळेत शिकलेले साहेबलोक. १-५ ने मागे असलेल्या डार्वेनने ५-५ बरोबरी केली. जादा वेळ खेळायला इटनवाले तयार झाले नाहीत. पुन्हा सामना, पुन्हा बरोबरी २-२, आणि तिसऱ्यात डार्वेन २-६ ने हरलं. तिन्ही सामने लंडनला! गाडीभाड्यासाठी गावाने वर्गणी काढली.

आता सांगा, फुकट खेळणं कुणाला परवडत होतं? 'खेळ निव्वळ आनंदासाठी' हे तत्त्व मला तरी घरचं खाऊन-पिऊन सुखी असणाऱ्यांचंच वाटतं. गिरणीत एक दिवस खाडा झाला की मजुरी बुडायची.

१८८० मध्ये सूटर शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला, तेव्हा मात्र डार्वेनकर चिडले. त्यांचं दुःख मला समजतं. वर्गणी त्यांनी काढली होती. तरीही मी सूटरच्याच बाजूचा. रोव्हर्सने १८८४, ८५ आणि ८६ असा सलग तीनदा कप जिंकला, तिन्ही वेळा तो संघात होता. १८८५ च्या जुलैमध्ये पैसे घेऊन खेळणं अधिकृत झालं.

१८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली, तोवर त्याचे दिवस सरले होते. लीगमध्ये तो एकच सामना खेळला, तोही बदली गोलकीपर म्हणून.

बाबा, आता बोला!