पोटगी की जीवनांश?

मे महिन्याच्या सुटीत मी ग्वाल्हेरला आत्याकडे गेले होते. बेळगावला गोवा एक्स्प्रेस धरली की तीच गाडी थेट ग्वाल्हेरला नेते. आत्याचे सासर लष्कर भागातले, शिंदेशाहीत तिकडे गेलेल्या जुन्या मराठी घरांपैकी. सतरा वर्षांचा तिचा संसार गेल्या वर्षी कोर्टात संपला. त्यातले दुःख तिचे तिच्यापाशी. त्यावर लिहिण्याचा मला अधिकार नाही. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. मी तिचे हिशेब पाहिले, आणि लिहिते तेही हिशेबांविषयीच.

सासरी कापडाचे दुकान. सतरा वर्षे दुपारी गल्ल्यावर आत्या बसे. कीर्द-खतावणी तिच्या हातची, पुढे जीएसटीची विवरणपत्रेही तीच भरी. पगार नाही, भागीदारी नाही. घरचेच दुकान ना! नफ्याच्या एकाही कागदावर तिचे नाव नव्हते. दुकानाच्या कॅश क्रेडिटला जामीन म्हणून मात्र तिची सही होती. हे तिला कळले केव्हा, तर घटस्फोटानंतर ती स्कूटरसाठी कर्ज मागायला गेली तेव्हा. सही केल्याचे तिला आठवतही नव्हते.

करार कायदा 1872 चा. जेवढी जबाबदारी कर्जदाराची तेवढीच जामीनदाराची. कोर्टाचा हुकूमनामा नवरा-बायकोचे नाते तोडतो, बँकेशी झालेला करार तोडत नाही. नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरता जामीन मागे घेता येतो, आधीच्या कर्जाचा नाही. तशी नोटीस आम्ही दोघींनी बसून हिंदीत लिहिली. माझे हिंदी वाचून आत्या पुष्कळ दिवसांनी हसली.

भागीदारी संस्थेचे विसर्जन आम्ही वर्गात शिकतो. 1932 च्या कायद्याप्रमाणे आधी बाहेरची देणी, मग भागीदारांनी दिलेली कर्जे, मग भांडवल, आणि उरेल ते नफ्याच्या प्रमाणात. संसाराचे विसर्जन होते तेव्हा असा हिशेब कोणी मांडतच नाही. हिंदू विवाह कायद्याच्या 25 व्या कलमात कायमची पोटगी आहे. परंतु लग्नानंतर दोघांच्या कष्टाने उभ्या राहिलेल्या मालमत्तेत पत्नीचा ठरावीक वाटा, असा हक्क त्यात नाही.

योगायोग असा, की त्याच 1932 साली इंदूरच्या शाहबानोंचे लग्न झाले. पती वकील. 1975 साली त्यांना घराबाहेर काढले. खालच्या कोर्टाने 1979 साली दरमहा 25 रुपये मंजूर केले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी ते 179 रुपये 20 पैसे केले. त्या वेळच्या कायद्यात कमाल मर्यादाच 500 रुपयांची होती. ती 2001 साली उठली. सर्वोच्च न्यायालयाच्या 1985 च्या निकालावर जे वादळ झाले ते धर्मावरून. त्रेचाळीस वर्षांच्या संसाराचे 25 रुपये कसे, हा साधा हिशेबाचा प्रश्न मागेच पडला. 2020 साली त्याच न्यायालयाने दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व कर्जे शपथेवर सांगावीत असा दंडक घातला. हे चांगलेच झाले. पण तो खटाटोप पोटगीची रक्कम ठरवण्यासाठी, वाटा ठरवण्यासाठी नव्हे.

आणि ज्या गाडीने मी गेले ती सुटते त्या वास्कोत काय आहे? गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक, आणि साधारणपणे निम्मी-निम्मी. एकाच देशात, एकाच गाडीच्या रस्त्यावर!

हिंदीत याला 'गुजारा भत्ता' म्हणतात, म्हणजे कसेबसे भागवण्यापुरते. आपल्या मराठीत 'पोटगी', म्हणजे पोटापुरते. कन्नड विभागातल्या माझ्या मैत्रिणी मात्र 'जीवनांश' म्हणतात. त्यात अंश आहे! कायद्याच्या दृष्टीने तिन्ही एकच, हे मला ठाऊक आहे. तरी मला कन्नड शब्द अधिक प्रामाणिक वाटतो.

माझा चुलतभाऊ म्हणतो, "संसार म्हणजे काय दुकान आहे?" नसेल. मग दुकानाच्या कर्जाला तिची सही कशी चालली?

एक गोष्ट मात्र आत्याच्या उपयोगी पडली. आपल्याकडे लग्नाआधी याद्या होतात, त्यांची आम्ही मुली थट्टा करतो. आजीने त्या वेळी माहेरच्या दागिन्यांची वजनासकट यादी करून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. स्त्रीधन सासरी ठेवले तरी ते पत्नीचेच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालीच सांगितले आहे. परंतु काय ठेवले होते ते दाखवावे लागते. आजीच्या वहीतल्या त्या एका पानावर पाटल्या आणि गोठ परत आले.

पाटल्या मोडून तिने भाड्याच्या खोलीची अनामत भरली. गोठ ठेवले आहेत. आता ती तीन दुकानदारांचे हिशेब लिहिते. पैसे रोख घेत नाही, स्वतःच्या एकटीच्या खात्यातच घेते; म्हणजे पुढच्या वर्षी कर्ज मागताना उत्पन्न दाखवता येईल. जामिनाच्या नोटिशीला बँकेचे उत्तर मी निघेपर्यंत आले नव्हते. पोच मात्र आम्ही जपून ठेवली आहे, आजीच्या त्याच वहीत.