त्या मॅचखाली आई आहे

माझी आई टीव्हीवर गाऊन आलीय. गोष्ट १९८७ सालची. ती चौथीत होती, शाळेच्या समूहगीतात दुसऱ्या रांगेत उभी. चाळीत व्हीसीआर एकाच घरी होता, तिच्या मामांकडे. त्यांनी मुलांचा तो अर्ध्या तासाचा कार्यक्रम कौतुकाने टेप करून ठेवला. आणि ५ नोव्हेंबरला त्याच कॅसेटवर वर्ल्ड कपच्या सेमी फायनलची शेवटची षटकं टेप केली! वानखेडेवरची ती मॅच आपण इंग्लंडकडून हरलो. ‘पोर पण गेली आणि कप पण गेला,’ असं आजी अजून म्हणते.

मामाआजोबांना नावं ठेवायच्या आधी एक सांगते. बीबीसीनेसुद्धा हेच केलं होतं. १९६३ मध्ये सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’चे कितीतरी भाग त्यांनी पुसून टाकले. टेप महाग होती आणि हे पुन्हा कोण बघणार, असा हिशेब होता. जवळपास शंभर भागांचं चित्र असं नाहीसं झालं. पण आवाज मात्र एकाही भागाचा हरवला नाही. कारण काही पोरं तेव्हा टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसायची. २०१३ मध्ये त्यातल्या नऊ भागांच्या फिल्म्स कुठे मिळाल्या, तर थेट नायजेरियात! म्हणजे एवढ्या मोठ्या संस्थेने जे टाकून दिलं, ते फॅन्सच्या वेडापायी वाचलं.

आपल्याकडेही असे वेडे आहेत. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. त्यावरचं ‘किलबिल’, ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकांवरची ‘गोट्या’ मालिका, १९९३ मध्ये हिंदीत आलेलं जपानी ‘जंगल बुक’ यातलं काहीही मी तेव्हा पाहिलेलं नाही, माझा जन्मच २००५ चा. तरी शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा आहे हे मला माहितीय. गुलजार-विशाल भारद्वाज जोडीचं शीर्षकगीत मला पाठ आहे. कारण कुणीतरी माळ्यावरची कॅसेट काढली, बुरशी पुसली, चालू व्हीसीआर शोधला आणि ते अपलोड केलं. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्येच उत्पादन थांबवलंय. तेव्हा ही शोधाशोध दिवसेंदिवस अवघडच होणार.

मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम आपण आहोत. आपल्याला वाटतं, शेअर केलं म्हणजे जपलं. तसं नसतं. क्लिप रीलमध्ये जाते तेव्हा उभी कापली जाते, बाजूची दोन मुलं फ्रेमबाहेर. वर कुणाच्या तरी पेजचा शिक्का, खाली ट्रेंडिंग गाणं आणि ‘फक्त नाइन्टीज किड्सनाच आठवेल’ अशी ओळ. चिमण्यांच्या गोष्टीची ती अ‍ॅनिमेशन फिल्म, ‘एक, अनेक और एकता’, अशीच फिरते. ती १९७४ ची आहे, फिल्म्स डिव्हिजनची. ती केली मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता. पण फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी किती जणांना ही नावं ठाऊक असतात? चित्र उरतं आणि ते करणारी माणसं पुसली जातात. हेही टेप पुसण्यासारखंच नाही का?

दुसरी बाजूही आहे. ‘ही चोरीच ना?’ असं माझा लॉ करणारा मित्र विचारतो. त्याचं अगदीच चूक नाही. आपल्या कायद्यात फिल्मचा कॉपीराइट साठ वर्षं चालतो. म्हणजे १९७४ ची फिल्म २०३४ संपेपर्यंत कुणाची तरी मालमत्ता आहे. जी मालिका आज रीतसर बघायला मिळते, तिचे भाग उचलून व्ह्यूज कमावणं मला पटत नाही. पण जे कुठेच मिळत नाही, ज्याची एकमेव प्रत कुणाच्या तरी कपाटात कुजतेय, त्याचं काय? साठ वर्षं थांबायला कायद्याला जमतं, टेपला नाही.

लोकांना हे हवंय, हे एव्हाना सगळ्यांना कळलंय. एप्रिल २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने ‘जंगल बुक’ पुन्हा दाखवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने गोव्याच्या इफ्फीत ‘वेव्हज’ हे ओटीटी सुरू केलं. छानच. आता एक पाऊल पुढे टाका. लोकांच्या घरातल्या कॅसेट मागवा, त्यांची कॉपी करून घ्या आणि प्रेक्षकांना चोर न समजता साठवणीतले भागीदार समजा.

तोवर आपल्या हातात काय आहे? घरी कॅसेट असेल तर आधी नीट कॉपी करून घ्या, मूळ फाईल न कापता दोन ठिकाणी ठेवा. मधल्या जाहिराती, निवेदन, ‘व्यत्यय’ची पाटी यातलं काही उडवू नका, तोही त्या काळाचाच भाग. साल, चॅनल, कलाकार जेवढं खात्रीने माहीत असेल तेवढंच लिहा, अंदाज ठोकू नका. मूळ मालकाने काढायला सांगितलं तर काढा, पण फाईल डिलीट करू नका. आणि पडद्यावरची ती मुलं आज पन्नाशीची माणसं आहेत, त्यांच्यावर मीम करण्याआधी जरा विचार करा.

गेल्या दिवाळीत मामाआजोबांच्या माळ्यावर ती कॅसेट सापडली. एका जुन्या फोटो स्टुडिओवाल्याने कॉपी करून दिली. आम्ही सगळे लॅपटॉपभोवती बसलो. आपली शेवटची विकेट पडली, पडदा करकरला आणि अचानक मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. मॅचचं टेपिंग जिथे थांबलं, तिथून पुढचं शिल्लक होतं! मोजून चाळीस सेकंद. सगळी मुलं हात हलवून टाटा करतायत. आईचा चेहरा पुढच्या मुलीच्या रिबिनीमागे झाकलेला, दिसतो तो नुसता हलणारा हात.

आईने ते चाळीस सेकंद अकरा वेळा पाहिले. मग म्हणाली, ‘पुढच्या मुलीचं नाव आठवतंय मला. तिलाही पाठवायला हवं.’

आम्ही आता तिला शोधतोय.