विश्लेषण: नोव्हेंबरला ३१ दिवस मोजणारी चिप, आणि तिला सांभाळून घेणारं लिनक्स

मूठ वळून बोटांच्या हाडांवर महिने मोजायची युक्ती आपल्याकडे बहुतेकांना येते. उंचवटा आला की ३१, खळगा आला की ३० (फेब्रुवारी सोडून). नोव्हेंबर खळग्यात येतो. पण चीनच्या रॉकचिप कंपनीच्या आरके८०८ या चिपचं गणित वेगळं आहे. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये ३० नोव्हेंबरनंतर १ डिसेंबर येत नाही, ३१ नोव्हेंबर येतो!

ही चिप काय करते?

तिचं मुख्य काम वीजपुरवठा सांभाळण्याचं. त्यासोबत तिच्यात एक छोटं घड्याळही असतं, ज्याला रिअल टाइम क्लॉक किंवा आरटीसी म्हणतात. तुमचा लॅपटॉप बंद असतानाही हे घड्याळ चालू राहतं. मशीन सुरू झालं की ऑपरेटिंग सिस्टिम पहिल्यांदा त्यालाच तारीख विचारते. २०१५ च्या सुमारास आलेल्या काही क्रोमबुकमध्ये हीच चिप होती.

एका दिवसाने काय बिघडतं?

इंटरनेट असेल तर फारसं काही नाही. खरी वेळ नेटवरून मिळते आणि चूक झाकली जाते. नेट नसेल तर मात्र दर नोव्हेंबरला घड्याळ आणखी एक दिवस मागे पडत जातं. वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं तारीख बघूनच तपासली जातात, त्यामुळे घड्याळ बरंच चुकलं तर ब्राउझर साइट उघडायला नकार देतो.

आणि कधीकधी एक दिवसही पुरतो. १ मार्च २०१० ला सोनीच्या जुन्या प्लेस्टेशन ३ मधल्या घड्याळाने २०१० हे लीप वर्ष धरलं आणि २९ फेब्रुवारी उजाडवला. जगभरातल्या अनेकांना ऑनलाइन खेळता येईना. दुसऱ्या दिवशी कन्सोलच्या हिशेबाने १ मार्च लागला, तेव्हा गाडी रुळावर आली.

मग दर १ डिसेंबरला तारीख दुरुस्त का करत नाहीत?

सुचायला हा उपाय सगळ्यात सोपा. पण समजा, मशीन नोव्हेंबरभर कपाटात बंद होतं. ते सुरू केलं तेव्हा चिपने ४ डिसेंबर दाखवला. आज खरंच ४ तारीख आहे, की ५? दुरुस्ती आधी झाली आहे की नाही, हे त्या तारखेवरून कळत नाही. मशीन तीन वर्षं बंद असेल तर गोंधळ आणखी वाढतो. आणि चिपमधलं सर्किट मोबाइल ॲपसारखं अपडेट करता येत नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये गूगलच्या एका अभियंत्याने लिनक्सच्या ड्रायव्हरसाठी (म्हणजे चिपशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) वेगळा उपाय दिला. चिपला तिचं चुकीचं कॅलेंडर खुशाल चालवू द्यायचं. १ जानेवारी २०१६ ला दोन्ही कॅलेंडरं जुळत होती, असं आपणच ठरवायचं. त्यानंतर जितके नोव्हेंबर संपले तितके दिवस तारीख वाचताना वाढवायचे आणि लिहिताना कमी करायचे. म्हणजे १५ ऑगस्ट २०२५ ला चिपमध्ये ६ ऑगस्ट असतो, कारण मध्ये नऊ नोव्हेंबर होऊन गेले. मशीन कितीही वर्षं बंद राहिलं तरी हिशेब चुकत नाही.

आपल्या अधिक मासाचं असंच आहे. तो कुणी आठवणीने घालत नाही, गणितानेच येतो. म्हणून २०२६ चा अधिक ज्येष्ठ कितीतरी आधी सांगता येतो.

या बदलासोबतची टिपणीही वाचण्यासारखी आहे. १५८२ मध्ये पोप ग्रेगरी यांनी कॅलेंडर सुधारलं, तशीच रॉकचिपच्या अभियंत्यांनी २०१३ मध्ये त्यात आणखी सुधारणा केली, फक्त जगाला ती पटायला वेळ लागेल, असा टोमणा त्यात मारलेला आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या टिपणीत इतका विनोद क्वचितच सापडतो.

आता अडचण कुठे आहे?

१ जानेवारी २०१६ ही तारीख चिपमध्ये कुठेही लिहिलेली नाही. तो सॉफ्टवेअरवाल्यांचा आपसातला करार आहे. मशीन सुरू करणारं फर्मवेअर असो की त्याच मशीनवरची दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, प्रत्येकाला तो पाळावा लागतो. एखादीने चिपमध्ये सरळ १५ ऑगस्ट २०२५ लिहिलं, तर लिनक्स ते २४ ऑगस्ट म्हणून वाचेल. यात चिप आपल्या पद्धतीने चालते आहे आणि लिनक्सही नियमाने वागतं आहे, पण वापरणाऱ्याच्या हाती चुकीची तारीख येते. म्हणूनच ड्रायव्हरच्या कोडमध्ये इतरांसाठी मुद्दाम सूचना लिहून ठेवली आहे: गणित हेच आणि सुरुवातीची तारीखही हीच वापरा.

त्याच कोडमध्ये आणखी एक छोटी नोंद आहे. हा हिशेब २३८१ सालापर्यंत चालेल. तोवर चिपचं कॅलेंडर आपल्यापेक्षा ३६५ दिवस मागे पडलेलं असेल.