दमदमची गोळी

‘थ्री-नॉट-थ्री’ हा शब्द आपल्या भागात शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. पण हा आकडा कसला, असं विचारलं की वर्गात सामसूम! बंदुकीच्या नळीचा आतला व्यास .३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर, एवढाच त्याचा अर्थ.

विस्कॉन्सिनला नोकरी करणारा माझा एक जुना विद्यार्थी सहकाऱ्यांबरोबर हरणाच्या शिकारीला निघालाय. तिथे नोव्हेंबरात परवाना काढून ती रीतसर करता येते. ‘सर, दुकानात इतके आकडे! कुठला घेऊ?’ असा त्याचा फोन. इकडे त्याची आई, ‘नम्म हुडुग जिंकी होडियाक होंटानंत्री!’ म्हणत कपाळाला हात लावून बसलेली.

तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण आपल्या चितळाच्या जवळपासचं. त्याला १९५५ सालची .२४३ विंचेस्टर पुरते. १९५२ ची .३०८ किंवा १९०६ ची .३०-०६ म्हणजे भरपूर झालं. नवख्याला .२४३ बरी, कारण तिचा खांद्याला धक्का कमी. धक्क्याच्या धास्तीने चाप ओढताना डोळे मिटले, की नेम चुकतो आणि हरीण पोटात गोळी घेऊन रानात पळतं. हृदय-फुप्फुसाची जागा असते जेमतेम वीतभर.

त्या आकड्याइतकंच महत्त्व काडतुसातल्या गोळीला. सगळीकडून तांब्याच्या पत्र्याने मढवलेली गोळी बारीक भोक पाडून आरपार जाते. जनावर लांबवर पळून तडफडत मरतं. मऊ तोंडाची गोळी शरीरात शिरल्यावर फुलते आणि लवकर जीव घेते. म्हणून अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणासाठी पहिल्या प्रकारच्या गोळीला मनाई आहे.

इथे आमचा इतिहास येतो. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी .३०३ साठी अशीच फुलणारी गोळी बनवली, माणसांवर झाडायला! तिच्या जखमा इतक्या भयंकर, की १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात तसल्या गोळ्यांना बंदी घालणारा जाहीरनामा निघाला. जी गोळी माणसाच्या बाबतीत क्रूर ठरली, तीच हरणाच्या बाबतीत दयेची कशी? जखमी सैनिकाला उचलून नेणारं कुणीतरी असतं, दवाखाना असतो. हरणाला कोण उचलणार?

शिशाचे बारीक कण मांसात राहतात, तेव्हा खायचं असेल तर निव्वळ तांब्याची फुलणारी गोळी घे, असंही त्याला सांगितलं. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या बंदच आहेत.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याखाली हरणाची शिकार बंद आहे, ते उत्तमच. पण आपली मुलं जिथे राहतात तिथली रीत वेगळी. नुसतं रागावून फोन ठेवू नका. गोळी कुठली घेतलीस, तिनेच किती दिवस नेमाचा सराव केलास, आणि नेमाची खात्री नसेल तर चापावरचं बोट काढशील ना, एवढं जरूर विचारा.