खरी अ‍ॅनी मूर कोणती?

आमचा एक भाचा गेली पंधरा वर्षे अमेरिकेत बॉस्टन शहरी बिऱ्हाड करून आहे. गतवर्षी तो आला असता आम्ही सर्वजण नाशिकास गेलो. तेथील तीर्थोपाध्यायांनी जीर्ण वही उलगडून आमच्या पणजोबांचा स्वहस्ते लिहिलेला लेख दाखविला, तेव्हा भाचा क्षणभर स्तब्ध राहिला व म्हणाला, “मामा, हे माझ्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी पाहावयास हवे होते. त्यांचे पणजोबा आयर्लंडहून आले. त्यांचे मूळ गाव शोधण्यात दहा वर्षे गेली, तरी ते सापडत नाही.”

आम्हांस याचे नवल वाटले. इतक्या सुधारलेल्या देशात एका पणजोबांचा ठाव लागू नये? पुढे आम्ही या विषयाची जी माहिती मिळविली, ती वाचकांस सादर करीत आहोत.

सन १८४५ ते १८५२ या काळात आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजून महादुष्काळ पडला. सुमारे दहा लक्ष माणसे मेली व दहा लक्षांहून अधिक देशत्याग करून गेली. त्यांपैकी पुष्कळ अमेरिकेस उतरली. परंतु तेथील जुन्या कागदपत्रांत जन्मस्थानाच्या जागी बहुधा ‘आयर्लंड’ एवढाच शब्द आढळतो. गाव नाही, परगणा नाही. नावे तरी निरनिराळी असावीत? पॅट्रिक मर्फी आणि मेरी सलिव्हन ही नावे घरोघरची. त्यात १८९० सालच्या अमेरिकन खानेसुमारीची दप्तरे १९२१ च्या आगीत नष्टप्राय झाली. इकडे १९२२ च्या जून महिन्यात, आयर्लंडातील यादवी युद्धात, डब्लिनचे सरकारी दप्तरखाने भस्मसात झाले. १८६१ ते १८९१ च्या आयरिश खानेसुमाऱ्या तर सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. अशा स्थितीत शोधकाचा मोठा आधार म्हणजे गावोगावच्या देवळांतील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या. त्यांत मुलाच्या पित्याबरोबर मातेचे नावही असते, आणि तेही माहेरच्या आडनावासह. दहा पॅट्रिक मर्फींतून आपला पॅट्रिक निवडावयाचा तो पुष्कळदा या माहेरच्या नावावरूनच.

अशा शोधात चूक किती सहज होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस बेटावर परदेशस्थांस उतरवून घेण्याचे नवे ठाणे उघडले. तेथे पहिले पाऊल टाकणारी मुलगी कॉर्क परगण्यातील अ‍ॅनी मूर. दोन धाकट्या भावांस घेऊन ती ‘नेवाडा’ या आगबोटीने आली. आईबाप आधीच न्यूयॉर्कात होते. अधिकाऱ्यांनी तीस दहा डॉलरांची सुवर्णमुद्रा दिली. पुढे तिचे पुतळे उभे राहिले, एक एलिस बेटावर व एक तिने जेथून प्रस्थान केले त्या कोव बंदरात.

ती मुलगी पश्चिमेस टेक्सस प्रांती गेली, तेथे तिचा विवाह झाला व १९२३ साली ट्रामच्या अपघातात तिचा अंत झाला, असे वर्षानुवर्षे मानले जाई. तेथील वंशजांस समारंभांत मानाचे स्थान मिळे. मात्र मेगन स्मोलेन्याक या वंशेतिहासाच्या अभ्यासक विदुषीने जुनी खानेसुमारी पाहिली, तो ती टेक्ससची अ‍ॅनी मूर अमेरिकेतच, इलिनॉय प्रांती, जन्मलेली निघाली! मग खरी कोठे गेली? बाईमाणसाचे नाव लग्नानंतर पालटते व माग तुटतो. अखेर २००६ साली तिचा भाऊ फिलिप याच्या नागरिकत्वाच्या दाखल्यावरून धागा हाती आला. खरी अ‍ॅनी न्यूयॉर्क सोडून कोठेही गेली नव्हती. तिचा विवाह जर्मन कुळातील एका सामान्य इसमाशी झाला. गरिबांच्या दाट वस्तीत तिने संसार केला, अकरा अपत्यांपैकी निम्म्याहून अधिक बालपणीच गमावली, आणि १९२४ साली पन्नाशीतच ती वारली. जिचे पुतळे दोन देशांत उभे, तिच्या थडग्यावर नावाचा दगडदेखील नव्हता. तो २००८ साली बसविण्यात आला.

टेक्ससच्या कुटुंबाने लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. घरात चालत आलेली गोष्ट त्यांनी विश्वासाने सांगितली, व ऐकणारांसही ती गोड लागली. आपल्याकडे तरी निराळे काय घडते? अमुक पूर्वज पेशव्यांच्या पदरी होते, हे आपण अभिमानाने सांगतो. कागद मात्र कोणी मागत नाही.

हा मजकूर लिहून झाल्यावर आम्ही तो आमच्या कुटुंबास वाचून दाखविला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि भिंतीवरील आमच्या नऊ पिढ्यांच्या वंशावळीकडे बोट दाखवून विचारले, “अहो, पण यात बायकांची नावे कोठे आहेत?” आम्ही चष्मा लावून पाहिले. नऊ पिढ्यांत एकही स्त्री नव्हती. ज्या आजीच्या मांडीवर बसून आम्ही रामरक्षा शिकलो, तिचे माहेर कोणते हे आम्हांस आज ठाऊक नाही. तिला विचारण्यास आम्हांस वीस वर्षे अवसर होता. आम्ही कधी विचारले नाही. आता सांगणारे कोणी उरले नाही.

त्या रात्री आम्ही वंशावळ खाली उतरविली, आणि आमच्या आईचे, कुटुंबाचे व दोन्ही सुनांचे नाव, माहेरचे आडनाव आणि गाव तीत लिहिले. आजीच्या नावापुढील जागा तशीच मोकळी ठेविली आहे. ज्या वाचकांच्या घरी आज वृद्ध आजी किंवा आत्या हयात आहेत, त्यांनी हा अंक मिटून आधी त्यांच्यापाशी जाऊन बसावे, आणि सोबत वही व दौत घेऊन जावे, एवढीच आमची विनंती.