कानांचा चष्मा

न मागता सल्ला देणारी माणसं जगात दोन प्रकारची. एक, ज्यांचा सल्ला फुकट असतो. आणि दुसरे आमचे साडू. त्यांचा सल्ला साठ हजारांच्या खाली कधी उतरत नाही.

झालं काय, निवृत्तीनंतर मी २२०० रुपयांचा एक हेडफोन घेतला. रात्री उशिरा गाणं ऐकावं आणि घरातल्यांची झोप मोडू नये, एवढाच माफक हेतू. पहिल्याच रात्री बुवा तोंडावर गोधडी घेऊन गायला बसलेत असं वाटलं. डग्गा म्हणजे कुणीतरी गच्चीवरची पाण्याची टाकी बडवतंय. आणि तानपुरा? तो बहुधा गवसणीतून बाहेरच काढला नव्हता.

हे मी साडूंपाशी बोललो, ही माझी चूक.

"अहो, २२०० रुपयांत तुम्हाला गवई हवाय? तेवढ्यात हल्ली शाल-नारळसुद्धा होत नाही!" असं म्हणून त्यांनी मला आपल्या खोलीत नेलं. तिथे हेडफोन होता, त्याचा ॲम्प्लिफायर होता आणि दोघांना जोडणारी एक वायर होती. वायरीची किंमत ऐकून आमची ही म्हणाली, "भाऊजी, एवढ्यात सोन्याची आली असती." साडू गंभीरपणे म्हणाले, "ताई, चांदीची आहे." मेहुणीने या प्रकरणात मोडलेल्या एफडीचं दुःख अजून गिळलेलं नाही. वर साडूंनी सांगितलं, की नवा हेडफोन शंभर तास वाजवून मुरवावा लागतो. लोणचं मुरतं हे मला मान्य आहे. पण शंभर तासांत जे मुरतं ते आपले कान हो! माणसाला सासरचीसुद्धा सवय होते, मग हेडफोनची का होणार नाही?

मार्ग दाखवला तो त्यांच्याच चिरंजीवांनी. बाप चहाला आत गेल्याचं बघून पोरगा कुजबुजला, "काका, तुमचा हेडफोन दुरुस्त करता येतो. फुकट."

त्याने जे सांगितलं ते असं. एका नकली कानावर हेडफोन चढवतात. त्या कानाला रबराची पाळी असते आणि आत, पडद्याच्या जागी, मायक्रोफोन. मग २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे सूर वाजवून कुठला किती मोठा येतो त्याचा आलेख काढतात. असे हजारो हेडफोनांचे आलेख लोकांनी मोजून जगापुढे ठेवलेत. याक्को पासानेन नावाच्या गृहस्थाने 'ऑटोईक्यू' नावाचं सॉफ्टवेअर लिहून त्यावरून प्रत्येक हेडफोनची उलटी दुरुस्तीही काढून ठेवली आहे. कुठे किती डेसिबल कापायचं, कुठे किती वाढवायचं, सगळं. ते आकडे विंडोजच्या संगणकावर 'इक्वलायझर एपीओ' या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरला द्यायचे, की काम झालं. माझ्या हेडफोनचा आलेख बघितला. दीडशे हर्ट्झपाशी पोट सुटलेलं आणि तीन हजारांपाशी गालफडं बसलेली! आणि हा तीन हजारांचा खड्डा नुसता खड्डा नव्हे. आपल्या कानाची नळी आवाजाला तिथेच नैसर्गिक उठाव देते. हेडफोनने तो दिला नाही, तर गवई गोधडीतच जाणार.

"म्हणजे इक्वलायझर!" चहा घेऊन आलेले साडू ओरडले. "पाप आहे ते! कलाकाराने जे दिलं त्यात ढवळाढवळ!"

आता मात्र मला राहवेना. वाचकहो, मला सांगा, ढवळाढवळ कुणी केली? ती कारखान्यातून करूनच हेडफोन माझ्या घरी आला. मी ती निस्तरतोय. माझ्या नाकावर चष्मा आहे. त्या भिंगाने निसर्गाच्या मूळ दृश्यात ढवळाढवळ होते, असं साडू कधी म्हणाले नाहीत. डोळ्यांचा डॉक्टर तक्ता वाचायला लावतो, नंबर काढतो आणि भिंग देतो. "साठ हजारांचे डोळे घ्या" असं म्हणत नाही. मग कानांच्या बाबतीतच आपण मध्यमवर्गीयांनी का म्हणून मान खाली घालून उभं राहायचं? बरं, किंमत आणि सूर यांचा संबंध तरी असावा! २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मापं आणि किमती शेजारी-शेजारी मांडल्या. दोहोंत काही नातं आढळलं नाही. साडूंना सांगितलं तर म्हणाले, "त्याने माझी वायर कुठे ऐकलीय?"

'बरोबर' कशाला म्हणायचं, हा प्रश्न मात्र त्यांनी रास्त विचारला. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हार्मन कंपनीत माणसांना प्रत्यक्ष ऐकवून एक आवडीची रेघ काढली, २०१३ च्या सुमाराला. ती बहुसंख्यांना आवडते, सगळ्यांना नव्हे. कुणाला खर्ज जास्त लागतो, कुणाला कमी. मग काय, आकडा बदला! फुकट आहे, एफडी मोडावी लागत नाही. शिवाय आठ-दहा हजार हर्ट्झच्या वर ज्याचा-त्याचा कान वेगळा, तिथे आलेखावर फार विसंबू नये. चष्म्याच्या काडीमुळे गादी नीट टेकली नाही तर खर्ज गळतो, त्यावरही सॉफ्टवेअर नाही. आणि खरं सांगायचं तर पहिले आठ दिवस मी गाणं ऐकलंच नाही, रेघाच बघत बसलो. हाही एक आजार आहे, भाच्याला आहे.

अखेर परीक्षा ठरली. हेडफोन माझाच, एकदा दुरुस्तीसकट, एकदा दुरुस्तीविना. साडूंनी ऐकलं आणि पहिल्याच फेरीत दुरुस्तीला "निस्तेज" म्हणून निकालात काढलं. मी खचलो. पण भाचा हसला. सूर वाढवायचे तर आधी एकूण आवाज तितका उतरवून ठेवावा लागतो, नाहीतर दुधासारखा उतू जाऊन फाटतो. त्यामुळे दुरुस्त आवाज बारीक झाला होता, आणि जे मोठं ते माणसाला चांगलं वाटतं. (दुकानदारांना हे ठाऊक असतं.) पोराने दोन्ही आवाज सारख्या पातळीवर आणले आणि कुठला कुठला ते न सांगता पुन्हा लावले.

साडू डोळे मिटून बसले. हा माणूस तरुणपणी सवाई गंधर्वला पहाटेपर्यंत घोंगडीवर बसलेला आहे, हे मी विसरलो होतो. बहुधा तेही. बऱ्याच वेळाने ते हळूच म्हणाले, "जोडीच्या तारा ऐकू येताहेत." पुढे चाळीस मिनिटं वायरीचा विषय निघाला नाही. चहा निवून गेला.

निकाल त्यांनी दिला नाही. "जरा नीट तपासून बघतो" म्हणून माझा हेडफोन पिशवीत घालून घेऊन गेले, आणि जाताना दारात भाच्याला ती फाइल पाठवायला सांगितली. या गोष्टीला आज तीन आठवडे झाले. परवा फोन केला तर मेहुणी म्हणाली, "ऐकताहेत, उठवू का?"

मी म्हटलं, नको.