भादलीचा निकाल आणि दवाखान्यातला वॉर्ड

जळगावहून भुसावळकडे रेल्वेने निघालात की मध्ये भादली स्टेशन लागतं. इथलं भादली बुद्रुक गाव जानेवारी २०२१ मध्ये राज्यभर गाजलं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवार तिथून निवडून आल्या. पण मला बोलायचंय ते निकालाआधी जे घडलं त्याबद्दल.

अंजलीताईंनी महिलांसाठी राखीव असलेल्या वॉर्डातून अर्ज भरला होता. छाननीत तो बाद झाला. कारण असं दिलं गेलं की हा वॉर्ड महिलांचा आहे, तुम्ही तृतीयपंथी आहात, आणि तृतीयपंथींसाठी राखीव जागाच नाही. म्हणजे माणूस समोर उभा आहे, पण त्याला बसवायला रकाना नाही. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. २ जानेवारी २०२१ ला न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी निवडणूक अधिकाऱ्याचा निर्णय रद्द केला आणि अर्ज स्वीकारायला सांगितलं. आधार होता २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि २०१९ चा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा. आपली लिंगओळख काय, हे ज्याचं त्याने सांगायचं, असं त्यात मान्य झालेलं आहे. न्यायालयाने एक अटही घातली: एकदा स्त्री म्हणून ओळख स्वीकारल्यावर पुढे आयुष्यात पुरुष म्हणून लाभ घेता येणार नाही. (अशी हमी तुम्हा-आम्हाला कुणी कधी मागत नाही, हे वाचताना मनात आलंच.) १५ तारखेला मतदान झालं, १८ ला मतमोजणी, आणि गावाने त्यांना निवडून दिलं.

आरोग्याच्या पानावर निवडणूक कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण त्या अधिकाऱ्याला पडलेला प्रश्न आमच्याकडे रोज पडतो. वॉर्ड कोणता? पुरुषांचा की बायकांचा?

माझ्याच दवाखान्यातली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मांडीला मोठं गळू घेऊन एक तृतीयपंथी रुग्ण आली होती, अंगात ताप होता. केस पेपरवर आधार कार्डावरचं पुरुषी नाव लिहिलेलं. कंपाउंडरने तेच मोठ्याने पुकारलं, बाकावरचे दोघं हसले, एक बाई मुलाला ओढून दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मी आतून ऐकलं आणि काही बोललो नाही. नंबर येईपर्यंत ती निघून गेली होती. सहा दिवसांनी तिला उचलून आणलं तेव्हा पाय सुजलेला, साखर चारशेच्या वर. मधुमेह आहे हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागलं, पाय वाचला. ते सहा दिवस माझ्या बाकावर वाया गेले, असं मी आजही मानतो.

तृतीयपंथी रुग्णांचे आजार वेगळे नसतात. बीपी, साखर, क्षयरोग, मूतखडा, तेच सगळं. वेगळा असतो तो उशीर. एकदा अपमान झाला की पुढच्या वेळी माणूस डॉक्टरकडे न जाता थेट मेडिकलवर जातो. एचआयव्हीचे आकडेही काही प्रमाणात हीच गोष्ट सांगतात. देशातल्या प्रौढांमध्ये २०१७ साली लागण सुमारे ०.२२ टक्के होती, तृतीयपंथी समूहात ३.१४ टक्के. हे 'त्यांच्यामुळे' नाही. घरातून हाकललेलं, काम नाकारलेलं, दवाखान्यातून परत फिरवलेलं माणूस जिथे जाऊन पोहोचतं, त्याचा हा आकडा आहे. आणि शेजारी बसल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने एचआयव्ही होत नाही, हे आजही लिहावं लागतं. सरकारी रुग्णालयात तपासणी मोफत आणि गोपनीय होते, औषधंही मोफत मिळतात.

डॉक्टरला काय सांगायचं

आता थेट तृतीयपंथी वाचकांशी बोलतो. तुम्ही हार्मोनच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं घेत असाल तर ते सांगा, मी रागावणार नाही. आपल्याकडे बरेच जण कुणाच्या तरी सांगण्यावरून मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या घेतात, दिवसाला दोन-तीनसुद्धा. त्यातल्या इस्ट्रोजेनने शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. बिडी-सिगारेट ओढत असाल तर धोका आणखी वाढतो. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं, अचानक धाप, छातीत कळ, यातलं काहीही झालं तर घरी थांबू नका, तातडीने रुग्णालय गाठा. एरवी गोळ्या एकदम बंद करा असंही मी म्हणत नाही. रक्ताच्या तपासण्या करून, हार्मोनतज्ज्ञाच्या सल्ल्याने डोस ठरवता येतो.

रुग्णालयाबाहेर केलेलं निर्वाण झालं असेल तर लघवीची धार बारीक होते का, जळजळ वारंवार होते का, हे सांगा. मूत्रमार्ग अरुंद झालेला असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. नाही केले तर पुढे किडनीला त्रास होतो. वृषणं काढलेली असतील आणि हार्मोन चालू नसतील, तर हाडं ठिसूळ होतात, त्याकडेही पाहावं लागतं.

आणि जो अवयव शरीरात आहे त्याची तपासणी हवीच. स्त्री म्हणून जगणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तीला वय वाढल्यावर प्रोस्टेटचा त्रास होऊ शकतो. मुलगी म्हणून जन्मलेल्या आणि पुरुष म्हणून जगणाऱ्या व्यक्तीला गर्भाशयाच्या मुखाची तपासणी लागते. असे ट्रान्स पुरुष आपल्या जळगाव-धुळ्यातही आहेत. टाळी वाजवणारं कुणी नाही म्हणून ते कुणाच्या नजरेत येत नाहीत, एवढंच.

घरच्यांसाठी

सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन आईवडील येतात आणि हळूच विचारतात, "डॉक्टर, याला काही इंजेक्शन देता येईल का?" नाही. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या नव्या यादीत मानसिक विकारांच्या प्रकरणातून ही बाब वगळली आहे. भगताकडे नेऊन, मारून किंवा लग्न लावून देऊन ओळख बदलत नाही. लग्नात मात्र दोन आयुष्यं अडकतात. मूल जेवेनासं झालं, शाळा सोडायचं म्हणू लागलं, मरणाची भाषा करू लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. ओळख मोडून काढण्यासाठी नव्हे, त्याच्यावर जो ताण आहे तो हलका करण्यासाठी. तृतीयपंथी आहे म्हणून घर किंवा गाव सोडायला लावणं हा २०१९ च्या कायद्याने गुन्हा आहे. सहा महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते. पण पोलिसांपर्यंत जाण्याआधी घरात ताट वाढलेलं असावं, एवढीच माझी अपेक्षा असते.

खानदेशाला हे धडे नवे नाहीत. अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषणाला बसले. विठ्ठलाचं मंदिर त्यांना स्वतःला बंद नव्हतं, ते दलितांना बंद होतं. ज्याला दार उघडं आहे त्याने दारात बसायचं, हा सोबतीचा एक प्रकार. भादलीत मतदारांनी केलं तो दुसरा: लढाई अंजलीताईंची होती, याचिका त्यांची होती, गावाने बटण दाबलं.

दवाखान्यातला प्रकार याहून सोपा आहे. मी केस पेपरवर 'हाक कोणत्या नावाने मारायची' अशी ओळ घातली आणि कंपाउंडरला तेच नाव पुकारायला सांगितलं. मध्यंतरी ती जुनी रुग्ण साखर तपासायला आली, तेव्हा बाकावरची एक आजी सरकून तिला म्हणाली, "काय व्हयनं व माय?" दोघींच्या गुडघेदुखीवर बराच वेळ गप्पा चालल्या होत्या. तेवढ्यासाठी मी पुढचा नंबर थोडा उशिरा पुकारायला सांगितला.

कागदपत्रांचं थोडं. ओळखपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो. नोव्हेंबर २०२० पासून केंद्राच्या पोर्टलवरूनही तो भरता येतो. सप्टेंबर २०२० च्या नियमांत त्यासाठी प्रतिज्ञापत्र मागितलं होतं, शारीरिक तपासणी नाही. कुणी कपडे काढायला सांगत असेल तर नकार द्या आणि तसं लेखी मागा. आधारवरचं नाव जुनं असलं तरी उपचार थांबवता येत नाहीत. आरोग्यसेवेत भेदभावाला कायद्याने मनाई आहे. याच कायद्यात सरकारने शस्त्रक्रिया, हार्मोन उपचार आणि विम्याची सोय करावी असंही लिहिलंय. तसं विम्याचं कार्ड माझ्या एकाही रुग्णाच्या हातात मी अजून पाहिलेलं नाही. तोवर जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि जमलं तर सोबत एक माणूस घेऊन या.